अनुसयाकाकींची हिरवळ

लग्नाच्या लॉनवर लोक चालतात, याचा अनुसयाकाकींना मनापासून राग यायचा. लॉन त्यांचंच होतं, ते लग्नांसाठीच भाड्याने दिलं जायचं, आणि लग्न म्हटलं की माणसं येणार, माणसांना पाय असणार, हे सगळं त्यांना मान्य होतं. तरी पहिली गाडी फाटकाशी थांबून नटलेली वऱ्हाडी मंडळी उतरायला लागली की भरल्या शेतात गुरं घुसावीत तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना रस्त्याला लागूनच हे लॉन आहे. त्याला काकींच्या मुलाने, दिनेशने, चांगलं झोकदार नाव दिलं होतं. फाटकावर ते रंगीत दिव्यांनी लिहिलेलंही होतं. पण आसपासच्या गावांत त्या नावाने कुणी ओळखत नसे. 'लॉनवाल्या काकीकडं लगीन हाय' एवढं सांगितलं की एसटीचा कंडक्टरसुद्धा बरोबर जागी घंटी मारायचा.

माझा काकींशी संबंध आला तो माइकमुळे. मी धसईच्या शाळेत मास्तर. देवाने आवाज खणखणीत दिला आहे आणि वर्गात वापरून तो संपत नाही. लग्नसराईत सुटीच्या दिवशी मी माइकवर उभा राहतो. मंगलाष्टकं भटजींची, बाकीचं सगळं माझं. आलेल्या पाहुण्यांचं स्वागत, जेवल्याशिवाय जाऊ नये ही विनंती, कुणाच्या तरी मोटारसायकलची सापडलेली चावी. इतर हॉलांमध्ये एवढ्यावर भागतं. काकींच्या लॉनवर मात्र मला यजमानाखेरीज आणखी एक मालकीण असायची.

त्या स्टेजच्या मागून यायच्या. काष्टा घातलेलं लुगडं, कमरेला खोचलेलं खुरपं, पाय अनवाणी. मुहूर्ताला चार मिनिटं असोत नाहीतर आमदारांचं आगमन होत असो, काकी माझी बाही ओढायच्या.

"मास्तर, ती निळी साडीवाली बघा. सँडलची टाच रुतते तिची. भोकं पाडत चाललीय."

"काकी, आता मंगलाष्टकं सुरू होतायत."

"मंग त्याच्या आदी सांगा ना."

मग मी माइकवर म्हणायचो, "सर्व भगिनींना नम्र विनंती, की हिरवळीचं सौंदर्य अबाधित राखण्यासाठी पादत्राणे फाटकाजवळ काढून ठेवावीत." काकींना हे मुळीच आवडायचं नाही. "नम्र कशाला?" त्या म्हणायच्या. "शाळंत पोरांना नम्र सांगता काय?"

हा राग नुसता तऱ्हेवाईकपणा नव्हता. त्यामागे एक करार होता, आणि तो गावात सगळ्यांना ठाऊक होता.

ज्याचं लॉन झालं ते काकींचं सगळ्यात चांगलं भातशेत होतं. काकी शहापूरकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या, आणि आल्या त्या पावसाळ्यात याच शेतात आवणीला, भाताची रोपं लावायला, वाकल्या. पुढे काका गेले. पोर लहान होतं. तेव्हापासून नांगरणीपासून मळणीपर्यंत सगळं त्यांनी एकटीने ओढलं. दिनेश मोठा झाला, अंबरनाथला कंपनीत लागला, रोज जाऊन-येऊन करू लागला. मग कंपनी बंद पडली. रस्त्याला लागून शेत असलेल्या माणसाला या काळात जे सुचतं तेच त्याला सुचलं. आईने विरोध केला नाही. फक्त एक अट घातली.

"लगनं लाव, नाच, गानी कर, काय वाट्टेल ते कर. पन माझ्या शेतात शिमिट नाय पडनार. गवत लाव."

"आई, गवत टिकलं तर ठीक," दिनेश म्हणाला. "नाय टिकलं तर ब्लॉक टाकाय लागतील. चिखलात कोन लगीन लावनार?"

"टिकेल," काकी म्हणाल्या.

एवढंच. पण काकींनी ते बोलणं अंगावर घेतलं. गवत टिकलं तर शेत राहील आणि गवत गेलं तर सिमेंटचे ब्लॉक पडतील. त्या म्हणायच्या, "माती उघडी हाय तवर शेत. एकदा झाकली का ती जागा झाली. जागंला काय, कोनीबी बसतो." त्यामुळे इतरांना जे लॉन दिसायचं ते काकींना शेताच्या अंगावरचं पांघरूण दिसायचं. ते फाटू द्यायचं नव्हतं.

सुरुवातच गमतीची झाली. दिनेशने नर्सरीतून मऊ गवताच्या गुंडाळ्या आणून फाटकाजवळच्या भागात पसरल्या. त्या महाग पडल्या म्हणून उरलेल्या सगळ्या शेतासाठी गोणी भरून काड्या आणल्या. काकींनी गोणीत हात घातला, एक काडी उन्हात धरून बघितली आणि मटकन खालीच बसल्या.

"अरे दिनेश, ही तर हरळी!"

ज्या हरळीला त्यांनी उभा जन्म बांधावरून खणून खणून रस्त्यावर फेकलं, गुरांच्या तोंडात कोंबलं, जिला शिव्या देताना त्यांना माहेरची भाषा आठवायची, ती आता पैसे देऊन घरात आली होती. "हरळी आनि नणंद," त्या म्हणायच्या, "एकदा आली का काय केल्या जात नाय." त्यांची नणंद जवळच उभी होती म्हणून त्या हे जरा मोठ्याने म्हणाल्या. पण मग पदर खोचून त्यांनी शेतात ओळी धरल्या आणि भाताची आवणी करावी तशी हरळीची आवणी केली. मागे सरकत, वाकून, मूठ डाव्या हातात. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. काकींनी त्यांना सांगितलं की हसायचं तर हात चालवत हसा, नाहीतर पुढे चला. दोघीतिघी खरंच उतरल्या.

गवत ही बाराही महिने करायची नोकरी आहे, हे मला काकींकडे बघून कळलं. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा मला वाटायचं काकी आराम करत असतील. उलट तेव्हाच त्यांची धावपळ असे. पाणी साचू नये म्हणून कडेने चर ओढायचे, गवत गुडघ्याला लागायच्या आत कापायचं, आणि लव्हाळा उपटायचा. लव्हाळ्याशी त्यांचं वैर होतं. वरून पात खेचली तर खाली गाठ राहते आणि एकाचे दहा होतात. म्हणून त्या खुरप्याने खोल जाऊन गाठ काढायच्या आणि ती तळहातावर घेऊन प्रत्येकीला काहीतरी सुनवायच्या. दिवाळीनंतर चाळलेली माती आणि कुजलेलं शेण पसरायचं. त्याचा वास पहिल्या एकदोन लग्नांना दरवळायचा. एका स्वागत समारंभात एका बाईंनी नाकाला रुमाल लावलेला बघून काकी मला म्हणाल्या, "मास्तर, सांगा त्यांना, जेवनारेत तो भातबी यातनंच येतो." हे मात्र मी माइकवर सांगितलं नाही.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी पहाटे सोडायच्या. पण त्याआधी वाडीतल्या बाया हंडे भरून जात. "आदी हंडं, मंग गवत," हा त्यांचा नियम होता, आणि दिनेशची घाई असली तरी तो मोडत नसे.

थंडीत वेगळीच तऱ्हा. सिद्धगडाच्या बाजूने गार वारा उतरायला लागला की हरळी पिवळी पडते. त्याच दिवसांत लग्नं ठरवायला लोक येतात. एकदा डोंबिवलीचे एक गृहस्थ लॉन बघायला आले होते. हातातल्या फोनवर हिरवागार फोटो, समोर पिवळं शेत.

"हे तर सुकलंय," ते म्हणाले.

"झोपलंय," काकी म्हणाल्या.

"झोपलंय म्हणजे?"

"थंडीत तुमी लवकर उठता काय? मंग. त्याला ऊन लागलं का उठेल."

गृहस्थांनी बुकिंग केलं. मला वाटतं, घाबरून केलं.

स्टेजचाही एक प्रकार होता. एकाच ठिकाणी स्टेज टाकलं की खालचं गवत गुदमरतं, म्हणून काकी प्रत्येक लग्नाला त्याची जागा बदलायला लावायच्या. मांडववाले वैतागत. मागच्या आठवड्यात जिथे नवरा-नवरी उभे होते तिथे आता भजी तळली जात असत. एकाच घरच्या दोन मुलींची लग्नं महिन्याभराच्या अंतराने तिथे झाली, तेव्हा दुसऱ्या लग्नाला आलेली आजी हातातल्या अक्षता घेऊन सरळ भटारखान्यात गेली. भटजींनी दिशा पूर्वेची हवी म्हणून हट्ट धरला, तर काकींनी दिशा मान्य केली, जागा नाही. आणि नवरदेवाची घोडी फाटकाबाहेरच थांबायची. खुरांनी खड्डे पडतात. घोडीने टाकलेलं मात्र काकी लगेच टोपलीत भरून आत न्यायच्या.

शहापूरचा एक केटरर नेहमी यायचा. त्याच्या माणसाने एकदा भाताचं उकळतं पाणी गवतावर ओतलं. पातेल्याच्या तोंडाएवढं गोल भाजलं. काकींनी त्या जागेभोवती दगड मांडले. पुढे तिथे गवत पुन्हा आलं, इतरांपेक्षा जास्त दाट आलं, तरी दगड हलले नाहीत. केटरर आला की काकी त्याचा हात धरून आधी तिथे न्यायच्या. "हितं तुमी पानी वतलं व्हतं." तो बिचारा दरवेळी हात जोडायचा. त्याच्या नवीन माणसांना वाटे की तिथे कसलंतरी देवस्थान आहे. एकाने तर नारळही फोडला.

काकी सगळ्यांना प्रिय होत्या असं मी म्हणणार नाही. त्या भांडखोर होत्या. लग्नाच्या दिवशी माणूस आनंदात असतो, त्याला कुणी चपलेवरून बोललं तर त्याच्या लक्षात राहतं. काही लोकांनी दुसरीकडे लग्नं लावली आणि तसं दिनेशला सांगितलंही. दिनेश आईला काही बोलत नसे. तो मला म्हणायचा, "मास्तर, गिऱ्हाईक माझं आनि शेत तिचं. मधी मी."

एका वर्षी मात्र लग्नं फार झाली. वैशाख अर्धा सरला तेव्हा शेताची रया गेली होती. खुर्च्यांच्या पायांनी, ट्रकच्या चाकांनी, नाचणाऱ्यांच्या टाचांनी मधोमध टक्कल पडलं होतं. टकलाच्या कडेने लव्हाळा वर येत होता. दिनेशने एक दिवस ब्लॉकवाल्याला बोलावून जागा मोजायला लावली. काकी शेताकडेच्या घराच्या ओटीवरून बघत होत्या. तो टेप घेऊन शेतभर फिरला, आणि काकींनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या घरात हे नवल होतं.

संध्याकाळी दिनेश म्हणाला, "आई, तू बगितलंस ना. पाऊस पडायच्या आत काय ते करायला पायजे."

"आजून पाऊस लांब हाय," काकी म्हणाल्या.

पुढे जे झालं ते समजण्यासाठी आमच्याकडची शेती माहीत हवी. पावसाआधी आम्ही राब भाजतो. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडांचे तोडलेले टाहाळ, पातेरा म्हणजे वाळलेली पानं, गवत असे थर लावायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. तण जळतं, जमीन भाजते, राख खत होते, आणि त्यात पेरलेलं रोप असं उठतं की बघत राहावं. मुरबाड-शहापूरच्या माणसाला जमीन थकली असं दिसलं की पहिला विचार राबाचा येतो. काकींच्या मनात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

लग्नं संपली असं त्या धरून चालल्या होत्या. दिनेश कल्याणला गेला होता. काकींनी वाडीतल्या दोन बायांना हाताशी धरलं, आठवडाभर साठवलेला पातेरा आणि वाळलेलं शेण शेतभर पसरलं, वारा पडलेला बघून बांधाच्या कडेने काडी लावली. दुपारपर्यंत आख्खं लॉन भाजून निघालं. फाटकाचं, दिव्यांचं, ओटीचं काही बिघडलं नाही. जाळ कसा फिरवायचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. फक्त रस्त्यावरून बघणाऱ्याला आत कोळशाची वखार असावी असं वाटत होतं.

दिनेश संध्याकाळी आला तो एक लग्न घेऊन. शहापूरकडच्या एका मुलीचं लग्न. ठरलेल्या हॉलचं काहीतरी फिसकटलं आणि दोन दिवसांवर मुहूर्त. फाटकात मोटारसायकल थांबवून तो नुसता बघत राहिला. वाडीतल्या बाया सांगतात की तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "आई, हे काय केलंस?"

"राब केलाय," काकी म्हणाल्या. "कराय नको व्हता काय?"

बुकिंग मोडता येत नव्हतं. दिनेशने कल्याणहून मिळतील तेवढे हिरवे गालिचे आणले आणि राखेवर अंथरले. वरून छान दिसत होतं. पण काकींच्या लॉनवर यायचं तर चपला फाटकाशी काढायच्या, हे सगळ्या तालुक्याला एव्हाना पाठ झालेलं. त्या दिवशीही लोकांनी शिस्तीत चपला काढल्या. गालिचे जुने, विरलेले. शे-दीडशे माणसं चालली की खालून काळी भुकटी वर यायची. मी माइकजवळून बघत होतो. वऱ्हाडाचे पाय हळूहळू काळे होत होते, मग लेंग्यांचे काठ, मग खुर्चीत मांडी घालून बसलेल्या आजोबांचं धोतर. लहान मुलांना तेवढा आनंद झाला.

कन्यादानाची वेळ आली. मुलीचे वडील जावयाचे पाय धुवायला बसले. पाय ताटात घेतले, वरून पाणी सोडलं, आणि ताटातलं पाणी काळंकुट्ट झालं. मुलीची आई दचकली. तिने तोंडावर हात घेतला. मुलाकडची मंडळी कल्याणची. नवरदेवाचे मामा उठले आणि हा अपशकुन आहे, फसवणूक आहे, मालक कुठे आहे, असं बरंच काही बोलू लागले. दिनेश हात जोडून उभा होता. एवढ्यात माझी बाही ओढली गेली.

"मास्तर, सांगा सगळ्यांना, राबाची राख हाय म्हनून."

मी आयुष्यात माइकवर पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत, पण असलं काही कधी सांगितलं नव्हतं. शेवटी काकींनी सांगितलं तसंच सांगितलं. "मंडळी, ही राबाची राख आहे."

मग मुलीकडच्या रांगेतून एक म्हातारा हसला. त्याच्या शेजारचा हसला. शहापूरकडची सगळी भातवाली माणसं, एकमेकांच्या तळपायांकडे बघून, पोट धरून हसायला लागली. मुलीच्या वडिलांनी ताटातलं पाणी फेकून दुसरं घेतलं आणि जावयाला म्हणाले, "पोरी राबातच उगवतात आमच्याकडं. धुतो थांबा." मामांना काही कळलं नाही, पण शेकडो माणसं हसत असताना एकट्याने रागावणं अवघड असतं. ते बसले.

दिनेश हसला नाही. लग्न पार पडलं, गालिचे गुंडाळले गेले, त्यांच्या धुलाईचा भुर्दंड पडला, आणि तो आईशी पुष्कळ दिवस बोलला नाही. ब्लॉकवाल्याला त्याने पावसाळ्यानंतरची वेळ दिली. राबाबद्दल तो चुकीचा नव्हता. फाटकाजवळचं नर्सरीतलं मऊ गवत कायमचं गेलं. भाजल्यावर ते काही उठलं नाही. काकींनी तिथे वाकून बोटांनी उकरून बघितलं आणि "लाडावलेलं व्हतं" एवढाच शेरा दिला. पण उरलेल्या शेतात हरळी पुन्हा फुटली, आणि अशी फुटली की भाद्रपदात गणपतीच्या दूर्वांसाठी बाया टोपल्या घेऊन आल्या. लव्हाळा जवळजवळ नाहीसा झाला होता. दिनेशने मोकळ्या जागी हरळीच्या काड्या लावून घेतल्या आणि ब्लॉकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. आईला त्याने ते सांगितलं नाही. तिला वाडीतून कळलं.

पुढची काही वर्षं ते लॉन त्या रस्त्यावर सगळ्यात देखणं होतं. पुन्हा राब मात्र दिनेशने करू दिला नाही.

मग काकींच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि पाय लुळा पडला. बोलणं महिन्याभरात परत आलं, पहिल्यापेक्षा थोडं जड, पण चालणं आलं नाही. त्या ओटीवर खाटेवर असायच्या. लॉनला माणूस ठेवला. तो नळी सोडून फोनवर बोलत बसायचा. दुसरा ठेवला, त्याने लव्हाळा वरवर कापला. काकी खाटेवरून ओरडायच्या, "खाली गाठ हाय, गाठ काढ!" तो मान हलवायचा. वर्षभरात शेताची दशा झाली. पाणी एकीकडे तुंबायचं, दुसरीकडे माती उघडी पडली. दिनेशचं लक्ष आईच्या औषधपाण्यात आणि धंद्यात. लग्नं कमी होऊ लागली.

मला वाईट वाटलं, हे सांगून टाकतो. मी काकींना भेटायला गेलो की मुद्दाम शेताकडे पाठ करून बसायचो. त्याच मला म्हणायच्या, "फिरून बसा मास्तर. बगायला काय झालं?"

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला मी माइक घेऊन गेलो आणि फाटकातच थबकलो. सगळं लॉन एकसारखं हिरवं. एक पात उंच नाही, एक ठिपका पिवळा नाही. पाय ठेवला तेव्हा कळलं. प्लास्टिक.

दिनेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "ब्लॉकवाला आला व्हता. त्याला परत लावला. हे टाकनारा म्हनत व्हता, खाली काँक्रीटचा थर पायजे, नायतर सपाट नाय बसत. त्याला म्हटलं, नाय बसलं तर नाय बसूदे. मातीवरच अंथर."

"काकींना सांगितलंस?"

"तुमी हाव ना आता," तो म्हणाला. तेवढ्यासाठी तो माझी वाट बघत होता.

आम्ही दोघांनी काकींना खुर्चीत बसवून ओटीवरून खाली आणलं. मांडववाले, केटरर, दिव्यांवाला, सगळे आपापली कामं थांबवून बघत होते. काकींनी खुर्ची कडेला लावायला सांगितली. वाकता येत नव्हतं, म्हणून दिनेशने त्यांना धरून खाली टेकवलं. त्यांनी उजवा तळहात त्या हिरव्यावर ठेवला, पुढे सरकवला, मागे सरकवला. पातं चिमटीत धरून ओढून बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला लागणार. दिनेश आईकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

काकींनी कडेला बोटं घालून ते वर उचललं. खाली माती होती. ओलसर, काळी, हरळीची पांढरी मुळं अजून जित्ती असलेली.

"शिमिट नाय टाकलं?"

"नाय."

काकींनी कड आणखी वर उचलून मुळं निरखून बघितली. मग कड सोडून दिली.

"मंग सतरंजी हाय ही," त्या म्हणाल्या. "सतरंजी उचलता येते."

दिनेशने तोंड फिरवलं. काकींनी त्याच्या दंडाला धरून उठवायची खूण केली, आणि खुर्चीत बसता बसता, जणू दुसऱ्याच कुणाच्या शेताबद्दल बोलावं तसं विचारलं, "पावसाळ्यात लगनं नसतात. तवा काय करतोस हिचं?"

"गुंडाळून शेडमधी ठेवीन."

"चार महिनं?"

"चार महिनं."

वऱ्हाडाची गाडी आली होती. मी माइककडे गेलो.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. आषाढात टोकावड्याला एका केंद्रशाळेत काम होतं, मी मुरबाडहून एसटीने निघालो होतो. पाऊस धरून होता. लॉन जवळ आलं तसं सवयीने मी खिडकीची काच सरकवली. फाटकावरचे दिवे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले होते. प्लास्टिकच्या हिरवळीच्या गुंडाळ्या शेडमध्ये एकावर एक रचल्या होत्या. आणि आत, जिथे कधी स्टेज असायचं, कधी भजी तळायचे, तिथे चिखल करून बांध घातले होते. बाया ओळीने वाकून, मागे मागे सरकत, भाताची आवणी करत होत्या. दिनेश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रोपाच्या मुठी फेकत होता. एक मूठ चुकून दूर पडली.

बांधावर खुर्चीत काकी बसल्या होत्या. डोक्यावरून खताच्या गोणीची खोळ, लुळा हात मांडीवर, आणि चांगला हात उंच करून त्या कुठल्यातरी बाईला ओरडून सांगत होत्या की रोपं फार लांब लांब लावतेयस. बस थांबली नाही. त्यांनी रस्त्याकडे बघितलं नाही. त्यांना वेळ नव्हता.